कातडीवरचा नकाशा: एक्स-रे काढण्याआधी बोटं काय शोधतात?

आजचा एपिसोड ऐकताना एक हात मोकळा ठेवा, तो कामाला लागणार आहे. बसमध्ये उभे असाल तर राहू द्या, दांडा सोडू नका.

गळ्याच्या खाली, छातीचं मधलं हाड जिथे सुरू होतं तिथे बोट ठेवा. एक खाच लागेल. तिथून सरळ मागे पाठीपर्यंत मनातल्या मनात रेषा ओढा. ती छातीच्या भागातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याजवळ पोचते. आता हात कमरेवर ठेवा, आई चिडल्यावर ठेवते तसे. हाताखाली हाडाची जी धार लागते, ती कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या उंचीवर असते. मान खाली घाला. मानेच्या मागे, कॉलरपाशी, एक टेंगूळ वर येतं. बहुतेकांमध्ये तो मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका. आणि पाठीवर जी दोन पाती आहेत ना, त्यांचं खालचं टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या रेषेत असतं.

एक्स-रे काढणाऱ्या माणसाला ही यादी बाराखडीसारखी पाठ असते. आपण मशीनसमोर उभे राहतो. टेक्निशियन खांदे पुढे ढकलतो, हनुवटी उचलायला लावतो, कमरेपाशी दोन बोटांनी काहीतरी चाचपतो, प्लेट जराशी वर घेतो आणि "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणतो. आपल्याला वाटतं की तो आपल्याला फक्त नीट उभं करतोय. खरं तर तो तेवढ्या वेळात आपल्या शरीरावरून आतला पत्ता काढत असतो. हाडाची खूण बाहेर सापडली, की आतलं इंद्रिय कुठे असेल याचा हिशेब करायचा.

हा हिशेब कुणी बसवला आणि तो किती खरा आहे, यावर आजचा एपिसोड आहे. यात एक बंदुकीची गोळी आहे, एक ब्रिटिश मंत्री आहे, आणि काहीही झालेलं नसताना ऑपरेशन टेबलावर गेलेली माणसंही आहेत.

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन उरकतो. ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतलं वुर्झबर्ग. विल्हेल्म रॉन्टगेनला प्रयोगशाळेत हे किरण सापडले, डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, आणि १८९६ च्या पहिल्या काही महिन्यांत जगभरचे डॉक्टर, फोटोग्राफर आणि वीजवाले या नादाला लागले.

पण एक अडचण होती आणि ती नीट समजून घ्यायला हवी. फोनच्या कॅमेऱ्यात आधी स्क्रीनवर दिसतं, मग आपण बटण दाबतो. एक्स-रेचं तसं नाही. किरण डोळ्यांना दिसत नाहीत. फोटो प्लेट धुतल्यावरच कळतो. आधी फोटो, मग दर्शन. नेम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यावर त्या काळात एक उपाय होता. किरण पडले की चमकणारा पडदा धरायचा आणि थेट पाहायचं. थॉमस एडिसननेही असा पाहण्याचा डबा तयार केला होता. त्याचा सहकारी क्लॅरेन्स डॅली या यंत्रांवर काम करायचा आणि स्वतःचा हात किरणांसमोर धरून बघायचा. हात भाजत गेले, मग कॅन्सर झाला, हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. फिलाडेल्फियाच्या मिहरान कसाबियन या डॉक्टरचंही तेच झालं. त्याने स्वतःच्या जखमी हातांचे फोटो काढून ठेवले आणि १९१० मध्ये वारला. किरण लागतायत का, किती जोरात लागतायत, हे बघायला स्वतःचा हात धरणं ही तेव्हाची रोजची पद्धत होती.

म्हणून बाहेरच्या खुणांवरून आतली जागा ठरवणं ही नुसती सोय नाही. एकदाही किरण न सोडता नेम धरायचा तर दुसरा मार्गच नव्हता.

आता गोळीची गोष्ट. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. सैनिकाच्या मांडीत गोळी आहे. एक्स-रेत ती छान दिसते. पण फोटो सपाट असतो. गोळी कातडीखाली लगेच आहे की हाडामागे, हे त्यातून कळत नाही. आणि सर्जनला तर नेमकं तेच हवं असतं.

१८९८ मध्ये जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसनने युक्ती मांडली. हा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा डोळ्यांचा डॉक्टर. प्लेटवर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन तारा ताणायच्या आणि त्यांना शाई लावायची. वर मांडी ठेवली की कातडीवर शाईची फुली उमटते. मग एक फोटो काढायचा, ट्यूब बाजूला ठरावीक अंतर सरकवायची, आणि मांडी जराही न हलवता त्याच प्लेटवर दुसरा फोटो काढायचा. गोळीच्या दोन सावल्या पडतात. नंतर टेबलावर ट्यूबच्या दोन जागांपासून त्या दोन सावल्यांपर्यंत दोन दोरे ताणायचे. दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे गोळी! फुलीपासून इतकं डावीकडे, इतकं वर, इतकं खोल.

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर व्हिजन घेतलेल्यांनी हे ओळखलं असेल. दोन कॅमेऱ्यांवरून खोली काढायचं तेच गणित, फक्त इथे कोडऐवजी दोरा आहे. आणि त्या शाईच्या फुलीकडे लक्ष द्या. तीच आपली शून्य-शून्य. कातडीवर ती नसेल तर बाकीचं सगळं गणित हवेत.

त्याच सुमारास, १८९७-९८ मध्ये, वॉल्टर बीव्हर हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर एक्स-रेचं सामान घेऊन तिराहच्या मोहिमेत वायव्य सरहद्दीवर गेला होता. म्हणजे शोधाला जेमतेम दोन वर्षं झाली असताना हे तंत्र आपल्या उपखंडातल्या डोंगरांत गोळ्या शोधत होतं.

मांडी सोपी. एक हाड, बाकी मांस. खरी डोकेदुखी डोक्याचीच. कवटीत बावीस हाडं एकमेकांत गुंतलेली, आणि कानामागे आत एक हाड आहे ते इतकं घट्ट की त्याचं लॅटिन नावच दगडावरून पडलंय. सायनसचा फोटो काढायला जावं तर या दगडाची सावली बरोब्बर त्यावर येऊन पडते. उपाय एकच. डोकं किंवा ट्यूब अशा कोनात तिरकी करायची की सावली दुसरीकडे जाऊन पडेल.

पण तिरकी म्हणजे कशाच्या तुलनेत तिरकी? आधी एक आडवी रेषा लागते. ती एक्स-रेच्या आधीच तयार होती आणि ती ज्या कामासाठी बनली होती ते काम काही फार अभिमानाचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात कवट्या मोजून माणसांचे वंश लावायचं खूळ होतं. आपल्याकडे हर्बर्ट रिस्लेने नाकं मोजून जातींची उतरंड लावायचा उद्योग याच काळात केला. कवट्यांची तुलना करायची तर सगळ्या कवट्या सारख्याच ठेवल्या पाहिजेत, म्हणून १८८४ मध्ये फ्रँकफर्टला मानववंशशास्त्राच्या लोकांनी ठरवलं: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड जोडणारी रेषा आडवी धरायची. वंशांचं ते शास्त्र पुढे कचऱ्यात गेलं. रेषा मात्र राहिली, आणि सायनसच्या कामाला आली.

जिवंत माणसात आणखी एक रेषा वापरतात. कानाचं भोक ते डोळ्याचा बाहेरचा कोपरा. तो कोपरा नुसत्या नजरेने दिसतो, खोबणीची कड मात्र बोटाने चाचपावी लागते. या दोन रेषांमध्ये साधारण सात-आठ अंशांचा फरक आहे. दिसायला किरकोळ. पण कवटीच्या मागच्या भागासाठी एडवर्ड टाउनच्या नावाने एक पद्धत आहे, १९२६ ची. पुस्तकात त्यासाठी ट्यूब ३० अंश तिरकी करा असं लिहिलेलं असतं, आणि त्याच पानावर ३७ अंशही लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबर! पहिली रेषा धरली तर ३७, दुसरी धरली तर ३०. ज्यांनी कधी दोन सिस्टिममधला डेटा जोडताना कुणाचं शून्य कुठे आहे हे शोधण्यात रात्र घालवली असेल, त्यांना मी यावर वेगळं काही सांगायला नको.

सायनसच्या एका फोटोला आजही कॉल्डवेल म्हणतात. युजीन कॉल्डवेल मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कॅन्सस विद्यापीठात शिकलेला. आधी यंत्रं बनवली, मग एक्स-रेच्या नादाने चक्क डॉक्टर झाला. कपाळ आणि नाक प्लेटला टेकवायचं आणि ट्यूब मागून थोडी खाली झुकवायची, की तो दगड डोळ्याच्या खोबणीत खाली सरकतो आणि कपाळातले सायनस मोकळे दिसतात. गालातले सायनस हवे असतील तर हनुवटी वर करायची. ती वॉटर्सची पद्धत, १९१५ ची. कॉल्डवेलच्या हातांनाही किरणांनी सोडलं नाही. १९१८ मध्ये तो त्याच कॅन्सरने गेला. आज हा फोटो काढणारा विद्यार्थी कपाळ आणि नाक प्लेटला टेकलंय का एवढं बघतो. ती सोय ज्याने करून दिली त्याला स्वतःला ती उशिरा मिळाली, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता पोट. इथे गोष्ट अवघड होते, कारण पोटातली इंद्रियं हाडांना खिळ्यांनी ठोकलेली नाहीत.

क्रिस्टोफर अ‍ॅडिसन हा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. एकोणिसावं शतक संपता संपता त्याने ४० मृतदेहांवर हजारो मापं घेतली. जठर कुठे, स्वादुपिंड कुठे, मूत्रपिंड कुठे. त्यातून त्याने एक रेषा काढली: गळ्याखालची खाच आणि ओटीपोटाच्या खाली दोन हाडं जुळतात ती जागा, या दोघांच्या बरोब्बर मध्ये. जठराचं खालचं दार, पित्ताशयाचं टोक, स्वादुपिंडाची मान, मूत्रपिंडाची शीर जिथून आत शिरते ती जागा, आणि मागे कमरेचा पहिला मणका, हे सगळं या एका रेषेच्या आसपास. बाहेरून चाचपता येणारी दोन हाडं, मध्ये टेप, आणि आतली पाच-सहा ठिकाणं सापडली. फारच देखणं काम.

हा अ‍ॅडिसन पुढे राजकारणात गेला. १९१९ मध्ये ब्रिटनचा पहिला आरोग्यमंत्री झाला, सरकारी घरं बांधायचा कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला लंडनमधलं इंडिया ऑफिस बंद होऊन भारताशी संबंधांचं काम ज्या खात्याकडे गेलं, त्या कॉमनवेल्थ खात्याचा तेव्हाचा मंत्री कोण? हाच. पोटावर रेषा ओढणारा अ‍ॅडिसन. क्विझसाठी लिहून ठेवा.

असो. त्याच्या मापांमध्ये अडचण एकच होती आणि ती त्याच्या मेहनतीची नव्हती. मेलेला माणूस आडवा असतो. श्वास घेत नाही, जेवत नाही, उभा राहत नाही.

त्याच काळात डॉक्टरांमध्ये एका आजाराची चलती होती, इंद्रियं खाली घसरण्याची. फ्रान्सच्या ग्लेनारने १८८५ च्या सुमारास तो मांडला होता. थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, सगळ्याला कारण एकच: जठर घसरलंय, मूत्रपिंड घसरलंय. उपाय म्हणून पट्टे बांधायचे, आणि पट्ट्याने भागलं नाही तर ऑपरेशन. घसरलेलं इंद्रिय वर उचलून टाक्यांनी बांधायचं. लंडनच्या आर्बथनॉट लेनने तर बद्धकोष्ठाचं मूळ म्हणून लोकांची मोठी आतडी काढायला सुरुवात केली. यात बायकांची संख्या मोठी होती.

आणि मग एक्स-रे पोटात शिरला. नुसत्या किरणांनी जठर दिसत नाही. पण १९०४ मध्ये म्युनिकच्या हर्मन रीडरने रुग्णाला बिस्मथ मिसळलेलं जेवण देऊन फोटो काढले आणि जठर पांढरंशुभ्र दिसलं. लोकांना उभं करून पाहिलं, तर जठर लांबलचक हुकासारखं खाली लटकलेलं! पुस्तकातल्या जागेपासून चांगलंच खाली. पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? बघा, घसरलंय म्हणत होतो ना! आता तर पुरावाच मिळाला.

या गोष्टीची उलटतपासणी व्हायला बराच वेळ गेला. कॅलिफोर्नियात रॉबर्ट मूडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो कुणीतरी आधीच विचारायला हवा होता: ज्यांना काहीच होत नाही त्यांचं जठर कुठे असतं? ६०० निरोगी माणसांचे एक्स-रे काढले आणि १९२३ मध्ये निकाल छापला. उभं राहिल्यावर बहुतेकांच्या जठराचं तळ कमरेच्या हाडाच्या धारेच्याही खाली जात होतं. धडधाकट, खेळणारी, जेवणारी माणसं. घसरलेलं जठर हे साधं उभं असलेलं जठर होतं.

म्हणजे गेली काही दशकं डॉक्टरांनी झोपलेल्या मृतदेहांचा नकाशा हातात घेतला, जिवंत उभ्या माणसाशी तो ताडून पाहिला, आणि जुळला नाही तेव्हा माणसात बिघाड आहे असं ठरवून त्याचं पोट फाडलं. डेटा कुठून आलाय हे न विचारता मॉडेलवर विश्वास ठेवायची सवय आपल्या पिढीने शोधलेली नाही, एवढंच.

गंमत अशी की अ‍ॅडिसनची रेषा मेली नाही. अलीकडे सीटी स्कॅनवर पुन्हा मोजणी झाली, जिवंत पण आडव्या माणसांवर. त्यात ती बऱ्यापैकी टिकली, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास. रेषा खोटी नव्हतीच. ती कुणाची आणि कुठल्या स्थितीतली, हे सांगणारी चिठ्ठी गळून पडली होती.

यातूनच रेडिओग्राफीतला एक नियम पक्का झाला. खूण हाडाची धरायची. बेंबी सगळ्यात ठळक दिसते, पण तिच्यावर भरवसा नाही. वजन वाढलं, गरोदरपण आलं, वय झालं की ती जागा सोडते. हाडं तिथेच असतात. शंभर किलोच्या माणसाची कमरेची धार चाचपायला जास्त वेळ लागेल, पण सापडली की ती त्याच मणक्यांपाशी नेते. आणि तीही देवाची रेघ नव्हे. पाठीत भूल देणारे डॉक्टर कमरेची हीच रेषा धरून सुईची जागा ठरवतात आणि त्यांचा अंदाज बऱ्याचदा एखाद्या मणक्याने चुकतो, हे सोनोग्राफी आणि एमआरआयने दाखवून दिलंय.

हे सगळं एका ठिकाणी आणलं ते एका बाईने, आणि ती डॉक्टर नव्हती. कॅथलीन क्लारा क्लार्क. ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात डॉक्टर आणि रेडिओग्राफर यांच्यात वाटणी झाली होती: फोटो काढायचा रेडिओग्राफरने, अर्थ सांगायचा फक्त डॉक्टरने. म्हणजे रेडिओग्राफरकडे जे उरलं ते हेच. रुग्णाला कसं ठेवायचं, ट्यूब कुठे धरायची. क्लार्कबाईंनी त्या उरलेल्या तुकड्याचं शास्त्र केलं. १९३५ मध्ये त्या रेडिओग्राफरांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या रेडिओग्राफी विभागाच्या त्या प्रमुख होत्या. १९३९ मध्ये त्यांचं 'पोझिशनिंग इन रेडिओग्राफी' आलं. माणूस कसा ठेवलाय त्याचा फोटो आणि शेजारी त्यातून निघालेला एक्स-रे. हे असं ठेवलं की ते तसं दिसतं. १९६८ मध्ये त्या गेल्या. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या त्यांच्याच नावाने निघत राहिल्या आणि भारतात रेडिओग्राफी शिकणारी मुलंही 'क्लार्क' म्हणूनच ते मागतात.

आता आजचं. डिजिटल आल्यापासून फोटो काही सेकंदांत दिसतो. फिल्मच्या काळात फसलेला फोटो कचऱ्याच्या डब्यात दिसायचा आणि महिनाअखेरीला कुणीतरी ते मोजायचं. आता डिलीट. दुसरी सवय त्याहून वाईट. खूण नीट शोधायची नाही, किरणांची चौकट मोठी ठेवायची आणि नंतर स्क्रीनवर कडा कापायच्या. फोटो पुस्तकातल्यासारखा दिसतो. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, क्रॉप म्हणजे अनडू नव्हे. कापलेल्या भागावर पडलेलं रेडिएशन शरीराला मिळून गेलेलं असतं. लहान मुलाच्या छातीच्या फोटोत अर्धं पोट आलं आणि नंतर ते कापलं, तर रिपोर्टमध्ये कुणालाच ते दिसत नाही.

सीटीच्या खोलीत आता छताला कॅमेरा लागतो. तो खोली मोजतो, टेबलावरच्या माणसाचा आकार ओळखतो, खांदे-कंबर कुठे ते ठरवतो आणि टेबल किती वर घ्यायचं ते सुचवतो. टेबलाची उंची चुकली तर सीटीत डोस आणि फोटो दोन्ही बिघडतात, म्हणून हे खरंच उपयोगाचं आहे. पण हा कॅमेरा बघतो ते वरचं आवरण. हाड तो दाबून पाहत नाही.

दाबण्यालाही एक मर्यादा आहेच. अ‍ॅडिसनच्या रेषेचं खालचं टोक, ओटीपोटाखालचा तो जोड, ही कुणीही परक्याने हात लावावा अशी जागा नाही. रुग्णाला संकोच होतो, टेक्निशियनलाही. म्हणून आता शिकवतात की खुब्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो तो धरा. तो साधारण त्याच उंचीवर असतो. आणि हात लावण्याआधी, कुठे आणि कशासाठी लावतोय ते रुग्णाला सांगा, विचारा.

पुढच्या एपिसोडमध्ये एक्स-रेच्या फिल्ममधल्या चांदीची गोष्ट. तोवर, भेटूया.